एल्मखालच्या दोन मेंढ्या आणि लिंबाखालची आजी

१.
गेल्या दिवाळीत गावाकडच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक प्रमाणपत्र निघाले. तालुक्याच्या ठिकाणी भरलेले कृषिप्रदर्शन, हातमागावरील घोंगडी, प्रथम क्रमांक. खाली शाईने, वळणदार अक्षरांत लिहिलेले आजोबांचे नाव. ते बक्षीस मिळाले त्या दिवशी मी तेथे होतो. नऊ-दहा वर्षांचा असेन. आजोबांचे बोट धरून मीही मंचावर चढलो होतो. आजी आमच्याबरोबर एस.टी.ने आली होती, पण मांडवात आली नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली, भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

२.
मित्रहो, या वेळचा धागा अमेरिकेतील ‘काउंटी फेअर’च्या इतिहासावर लिहायचे ठरवले होते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. वर्षातून एकदा तेथे शेतकरी जमतात, गुरे आणतात, धान्य, फळे, लोणची, विणकाम मांडतात. परीक्षक फिरतात, बक्षिसे वाटली जातात. या प्रथेच्या मुळाशी असलेल्या माणसाचे लेखन वाचताना एका प्रसंगापाशी मी थबकलो आणि मला तो लिंब आठवला. म्हणून हा धागा दोन झाडांखालून जाणार आहे.

३.
आधी पार्श्वभूमी पाहू. जत्रा किंवा बाजार अमेरिकेला नवा नव्हता. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे १७६५ पासून सनदी बाजार भरत असे. पण तो खरेदी-विक्रीचा. दुसरीकडे शेतीसुधारणेची चर्चा करणारी विद्वान मंडळे निघाली होती : फिलाडेल्फियातील १७८५ चे आणि मॅसॅच्युसेट्समधील १७९२ चे ही त्यांतील ठळक नावे. त्यांचे सभासद म्हणजे वकील, व्यापारी, जमीनदार. ते खतांवर, पिकांवर निबंध वाचत आणि छापत. ज्याच्या हातात नांगर होता त्याच्यापर्यंत हे निबंध क्वचितच पोहोचत. पोहोचलेच, तर ‘पुस्तकी शेती’ म्हणून त्यांची टवाळी होई.

४.
ही दरी ओळखणारा गृहस्थ स्वतः जन्माने शेतकरी नव्हता. एल्काना वॉटसन याचा जन्म १७५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथचा. तरुणपणी तो एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७९ मध्ये, तो बेंजामिन फ्रँकलिनसाठी कागदपत्रे घेऊन फ्रान्सला गेला. तेथे व्यापार केला, युरोपभर प्रवास केला, पुढे मायदेशी परतून ऑल्बनीत बँकेच्या आणि कालव्यांच्या उद्योगांत पडला. वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, १८०७ मध्ये, त्याने बर्कशायर काउंटीतील पिट्सफील्ड या गावी शेत आणि मोठे घर विकत घेतले. येताना डोक्यात कल्पना भरपूर होत्या. शेजाऱ्यांना त्याच्याविषयी विश्वास मात्र बेताचाच.

५.
त्याच वर्षीच्या शरदात त्याने मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या मिळवल्या. पिट्सफील्डच्या चौकात एल्मचा एक प्रचंड वृक्ष होता. अमुक दिवशी या झाडाखाली आपल्या मेंढ्या पाहायला मिळतील, असे त्याने जाहीर केले. कल्पना करा : एक चौक, एक झाड, दोन मेंढ्या. पण लोक आले. पुढे लिहिलेल्या आठवणींत वॉटसन सांगतो, की शेतकरी तर आलेच, स्त्रियासुद्धा कुतूहलाने आल्या. आणि त्याच्या मनात आले, की दोन जनावरांनी इतकी गर्दी जमते, तर अधिक आणि मोठी जनावरे आणली तर काय होईल? काउंटी फेअरची कल्पना या प्रश्नातून निघाली, असे तो मानतो. ‘स्त्रियासुद्धा’ हा त्याच्या वाक्यातील शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

६.
मेंढ्यांचे एवढे अप्रूप का? मेरिनोची लोकर अत्यंत बारीक आणि मऊ असते. शतकानुशतके स्पेनने ही जात देशाबाहेर जाऊ नये म्हणून कडक बंदी ठेवली होती. १८०८ मध्ये नेपोलियनचे सैन्य स्पेनमध्ये घुसले, तेथील घडी विस्कटली, आणि लिस्बनमधील अमेरिकन वकील विल्यम जार्विस याने हजारो मेरिनो मेंढ्या अमेरिकेला रवाना केल्या. इकडे १८०७ च्या अखेरीस जेफर्सनच्या सरकारने परदेशी व्यापारावर निर्बंध घातल्याने इंग्लंडचे लोकरी कापड दुर्मीळ झाले. कापड घरीच विणायचे, तर लोकर चांगली हवी. उत्तम मेरिनो मेंढ्याची किंमत या काळात हजार डॉलरपर्यंत चढली. एल्मखालच्या त्या दोन मेंढ्यांकडे पाहणाऱ्यांच्या नजरेत कुतूहलाबरोबर हिशेबही होता.

७.
त्या झाडाचीही एक कथा पिट्सफील्डमध्ये सांगतात. १७९० च्या सुमारास नवे सभागृह बांधण्यासाठी ते तोडायचे ठरले, तेव्हा ल्युक्रिशिया विल्यम्स ही बाई कुऱ्हाड आणि खोड यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. पुढे तिच्या पतीने आपली जमीन देऊ केली, इमारत थोडी सरकली आणि झाड वाचले. लोककथेचा थोडा मुलामा यावर असणारच. पण ज्या झाडाखाली काउंटी फेअरची कल्पना सुचली, ते झाड एका बाईमुळे उभे होते, ही आठवण त्या गावाने नावासकट जपली आहे.

८.
१८१० मध्ये सव्वीस जणांच्या सहीने आवाहन निघाले आणि १ ऑक्टोबरला पिट्सफील्डमध्ये गुरांचे प्रदर्शन भरले. पुढच्या वर्षी बर्कशायर शेतकी मंडळाला कायदेशीर सनद मिळाली. वॉटसन पहिला अध्यक्ष झाला. १८११ च्या प्रदर्शनाची मिरवणूक आपल्याकडील बेंदराची आठवण करून देणारी होती. साठांहून अधिक बैल साखळ्यांनी एकमेकांना जोडलेले, त्यांच्या मागे एकच नांगर, आणि त्या नांगराच्या मुठीवर काउंटीतील वयोवृद्ध शेतकऱ्याचा हात. मंडळाच्या सभासदांनी टोप्यांत गव्हाच्या लोंब्या खोवल्या होत्या. अशी प्रदर्शने बर्कशायरच्या आधी कोठेच भरली नाहीत, असे मात्र नाही. राजधानीजवळच्या जॉर्जटाउनला १८१० च्या वसंतातच एक भरले होते. पण दरवर्षी, त्याच काउंटीतील सामान्य शेतकऱ्यांसाठी, त्यांच्याच मंडळाने भरवायचे प्रदर्शन हा साचा बर्कशायरचा.

९.
हा साचा चालला का? वॉटसनने माणसाचा स्वभाव ओळखला होता. निबंध वाचून जो शेतकरी बैल बदलत नाही, तो शेजाऱ्याच्या बैलाला बक्षीस मिळाले की रात्रभर झोपत नाही. म्हणून बक्षिसाची रक्कम लहान, पण नाव सर्वांसमक्ष पुकारायचे. म्हणून मिरवणूक, वाद्ये, प्रार्थना, भाषण आणि संध्याकाळी नृत्य. शेतीज्ञान कागदावरून उतरवून त्याने डोळ्यांसमोर उभे केले, आणि त्याला मानापमानाची जोड दिली. आपल्या यात्रांत गुलाल लागलेल्या खिल्लार खोंडाच्या मालकाची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

१०.
पण एक अडचण होती. वॉटसनला गुरांइतकेच घरी विणलेले कापडही मांडायचे होते. आणि त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये घरचे कापड म्हणजे बव्हंशी बायकांचे काम. लोकर निवडणे, पिंजणे, कातणे आणि पुष्कळ घरांत विणणेही त्यांच्याकडेच. पिंजण्याची यंत्रे नुकती आली होती. आर्थर स्कोफील्ड या कारागिराने पिट्सफील्डमध्येच शतकाच्या आरंभी असे यंत्र उभारले होते. सूत मात्र अजून चरख्यावरच निघे. म्हणून मंडळाने घरगुती कापडासाठी बक्षिसे ठेवली. १८१३ मध्ये सभागृहात कापड मांडले गेले. ठाने आली, पण ती विणणाऱ्या आल्या नाहीत.

११.
येथे क्षणभर आमच्या घरी या. माणदेशातील आमच्या घरात खड्ड्याचा माग होता. मागावर आजोबा बसत, म्हणून गाव म्हणे, की घोंगडी आजोबा करतात. मागाच्या आधी काय होत असे? धनगरांच्या वाड्यावरून लोकर आणायची, काळी, पांढरी, करडी अशी वेगळी काढायची, काडी-कचरा वेचायचा, पिंजायची, मग चरख्यावर कातायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ शिजवायची आणि ताण्याला लावायची. या सर्व कामांत आजीचे हात असत. माझ्या बालपणीच्या आठवणीत मागाचा खटखटाट फार थोडा आहे. चरख्याची घरघर मात्र पहाटेपासून आहे.

१२.
आता पुन्हा १८१३. सभागृहात कापड आहे, परीक्षक आहेत, बायका नाहीत. वॉटसन याचे कारण देतो : स्त्रीस्वभावातील भिडस्तपणा आणि हसे होण्याची भीती. मग त्याने जे केले ते त्याच्याच कथनातून कळते. तो उठून घरी गेला, पत्नीला घेऊन सभागृहात आला, आणि गावातील प्रतिष्ठित घरांत निरोप धाडले, की बाईसाहेब कापडाच्या प्रदर्शनात तुमची वाट पाहत आहेत. त्या बायका आल्या. शेतकऱ्यांच्या बायका-मुली हे सारे दुरून, आडून पाहतच होत्या. या गेल्या हे दिसताच त्याही निघाल्या. थोड्याच वेळात सभागृह भरले. वॉटसनने लगेच उठून भाषण केले. गर्दी पुन्हा पांगू नये, ही त्याची धास्ती मला त्या घाईत दिसते.

१३.
प्रसंग मोठा आहे. ज्या काळात त्या राज्यात स्त्रीला मताचा अधिकार नव्हता आणि विवाहितेच्या कमाईवर कायद्याने पतीचा हक्क होता, त्या काळात तिच्या कातण्याला भर सभेत बक्षीस मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु इतिहासाच्या वाचकाने येथे थोडे थांबावे. प्रसंग सांगणारा आयोजकच आहे. कापड विणणाऱ्यांपैकी एकीचेही नाव या प्रसंगाच्या त्याच्या कथनात येत नाही. त्याची पत्नीही भेटते ती पत्नी म्हणूनच. आणि बायका का आल्या नाहीत, याचे उत्तर आपल्याला फक्त त्याच्याकडून मिळते. ‘स्वभावतः भिडस्त’ हे निदान त्यांनी स्वतःविषयी केलेले नाही.

१४.
साचा मात्र वेगाने पसरला. वॉटसन १८१६ मध्ये पुन्हा ऑल्बनीला गेला आणि तेथूनही काउंटी-काउंटीत मंडळे काढण्याचा प्रचार करीत राहिला. १८१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा मंडळांसाठी वर्षाला १०,००० डॉलरची तरतूद केली. काही वर्षांत सरकारी मदत आटली, बरीच मंडळे मावळली. पण १८४० नंतर नव्या जोमाने उठली. ३० सप्टेंबर १८५९ रोजी विस्कॉन्सिनच्या राज्य-मेळ्यात मिलवॉकी येथे भाषण करायला अब्राहम लिंकन आला. अशा मेळ्यांमुळे अनोळखी माणसे एकमेकांच्या ओळखीची होतात, या अर्थाचे तो तेथे बोलला. पुढच्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

१५.
बर्कशायरची आणखी एक गोष्ट तुम्हांला आवडेल. वॉटसनने विकलेले पिट्सफील्डचे घर थॉमस मेलव्हिल याने घेतले. हा ‘मोबी डिक’कार हर्मन मेलव्हिलचा चुलता. १८५० च्या उन्हाळ्यात हर्मन आपल्या चुलतभावाबरोबर, रॉबर्टबरोबर, घोडागाडीतून काउंटीतील शेते पाहत फिरला. रॉबर्टकडे बर्कशायर शेतकी मंडळाच्या समितीचे काम होते. पुढे पिकांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला तो रॉबर्टच्या नावाने. पण तो हर्मननेच लिहिला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे कागदावर नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, हा प्रकार त्या मंडळाच्या दप्तरातही आहे. फरक इतकाच, की हर्मन मेलव्हिलचा हात शोधून काढायला पुढे अभ्यासक आले. सूत कातणाऱ्या हाताची शैली ओळखायला कोण येणार?

१६.
त्या कापडाचे पुढे काय झाले? १८१४ च्या अखेरीस इंग्लंडशी तह झाला, मग इंग्लिश कापडाचा लोंढा आला आणि मेरिनोचे भाव कोसळले. पाठोपाठ न्यू इंग्लंडमध्ये गिरण्या वाढल्या. दोन-तीन दशकांत घरचा चरखा अडगळीत गेला. काउंटी फेअरमध्ये बायकांची बक्षिसे उरली ती गोधड्या, भरतकाम, लोणी, मुरंबे यांची. पिट्सफील्डचा तो एल्म १८६४ मध्ये तोडावा लागला. मेरिनो मात्र जगभर फिरली. दख्खनी मेंढीशी तिचा संकर करण्याचे प्रयोग विसाव्या शतकात महाराष्ट्रातही झाले. आमच्या घरातील माग बंद पडला तो गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांमुळे. आजोबा गेल्यावर खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली.

१७.
आजी आहे. ऐंशी ओलांडली आहे, कान थोडे जड झाले आहेत. दिवाळीत ते प्रमाणपत्र तिच्या हातात दिले आणि पिट्सफील्डची गोष्ट सांगितली. झाड, मेंढ्या, सभागृह, निरोप, सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “त्या सायबाच्या बायकूनं सोता काय कातलं हुतं का?” मला उत्तर माहीत नव्हते. मग मी इतकी वर्षे न विचारलेला प्रश्न विचारला : आजी, तू त्या दिवशी मांडवात का आली नाहीस? लाजलीस का?

ती म्हणाली, “लाजायचं काय त्यात? कुणी बोलिवलंच न्हाई.”

१८.
दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सभागृहाचा दरवाजा त्या एका वाक्याने मला वेगळा दिसू लागला. वॉटसनने दवंडी पिटली होती, बक्षिसे जाहीर केली होती. त्याच्या दृष्टीने आमंत्रण झाले होते. पण जाहीर करणे आणि बोलावणे यांत अंतर असते. निरोप घरापर्यंत गेला, ओळखीची बाई आत उभी आहे हे कळले, तेव्हा त्याच ‘भिडस्त’ बायकांनी सभागृह भरून टाकले. वॉटसनने केलेली कृती बरोबर होती. त्याने लिहिलेले कारण मला आता अपुरे वाटते. आमच्या तालुक्यातील त्या मांडवात वाईट माणसे नव्हती. आजोबाही वाईट नव्हते. बाहेर कोण बसले आहे, हे पाहायला कोणी उठले नाही, इतकेच; आणि मीही मंचावर उभा होतो.

१९.
मग मी वही घेऊन बसलो आणि आजी सांगत गेली. घोंगडीचा काळा रंग रंगवलेला नव्हता. ती काळ्या कोकरांच्या जावळाची लोकर होती, पहिल्या कातरणीची, म्हणून इतकी मऊ. बदल्यात तिने ज्वारी घातली होती. काठाला पांढरी रेघ घ्यावी, हा तिचाच हट्ट. आणि शेवटी : “तुझ्या आजानं आठ दिसांत इणलं. मी सगळा पावसाळा कातत हुते.”

प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे सारे पेन्सिलीने, तारीख घालून लिहिले. पुढची बाजू तशीच ठेवली. आजोबांचे नाव त्यांच्या हातांनी मिळवलेले आहे. लिहून झाल्यावर आजीला वाचून दाखवले. तिने एकच दुरुस्ती सांगितली.

“आठ न्हाई रं, धा दिस लागलं हुतं त्येला. त्येचं कमी लिवू नगंस.”

२०.
मी आठ खोडून दहा केले.

मित्रहो, तुमच्याही घरी असे एखादे प्रमाणपत्र, ढाल किंवा पिवळे पडलेले छायाचित्र असेल : कृषिप्रदर्शनाचे, बैलांच्या बाजाराचे, महिला मंडळाच्या स्पर्धेचे. ते एकदा खाली काढा. पुढच्या बाजूवर काय लिहिले आहे ते वाचा, आणि मागच्या बाजूवर काय लिहायचे राहिले आहे ते विचारा. सांगणारे माणूस घरात असेपर्यंतच ते विचारता येते.